दोन्ही दीडशे ग्रेनच्याच

रविवार, ५ ऑक्टोबर

रॉय,

आधी शेजारचा उर्हो आला. कमरेचं हाड बदललंय तरी बातमी पोचवायला हा अजून सगळ्यांच्या पुढं. दार ढकलून आत, बूटसुद्धा काढले नाहीत. म्हणाला, "लेम्पी, दुकानापाशी परक्या राज्याच्या पाटीची गाडी थांबलीय. एक पोरगी सुलोचं घर विचारतेय." मी निसू पावाचं पीठ मळत होते, वेलदोडा कुटून झाला होता, दोन्ही हात भरलेले. म्हटलं, "माझ्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं होत आली, त्याला आता कोण विचारणार? विमावाले असतील." तर म्हणतो, "विमावाल्यांना एवढं नाक नसतं. ते नाक याच घरातलं आहे."

तेवढ्यात गाडी वाजली. पहिल्यांदा एक माणूस आत आला, इतका उंच की चौकटीला कपाळ आपटलं आणि चौकटीलाच सॉरी म्हणाला. आणि त्याच्या मागनं तुझी शेल्बी.

बाराव्या वर्षी उन्हाळ्यात आली होती ती शेवटची. तेव्हा गुडघे खरचटलेले असायचे, आता सत्तावीसची आहे. दारात उभी राहून म्हणाली, "मुम्मू, आत येऊ?" मुम्मू म्हणाली, रॉय. पंधरा वर्षं तो शब्द तिच्या तोंडात टिकला. तिकडं ॲरिझोनाच्या वाळवंटात आजीला मुम्मू म्हणणारं दुसरं कोण असणार? म्हणजे तू घरात माझं नाव घेत असशील, कधीतरी. मी रडले असं उर्हो गावभर सांगत फिरतोय ते खोटं आहे.

उंच माणूस तिचा नवरा, मार्कस. लग्न झाल्याचं मला नाताळच्या कार्डावरून कळलं होतं, आणि कार्डसुद्धा तुझं नव्हतं, तिचं होतं. नदीवरच्या पुलाचं काम चाललंय ना, त्यावर आलाय तो, नोव्हेंबर संपेपर्यंत. गावात गॅरेजच्या वर खोली घेतलीय दोघांनी. खिमा, बटाटा, शलगम भरलेल्या चार पास्टी खाल्ल्या त्यानं. शलगम निवडून बाजूला ठेवतोय की काय म्हणून मी बघत होते, पण नाही, सगळं खाल्लं. फक्त एकदा विचारलं, "यावर ओतायला ग्रेव्ही असते का?" मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. उर्होनं त्याच्याकडं बघून मान हलवली, म्हणाला, "पोरा, या घरात हे पुन्हा विचारू नकोस." मग सगळे हसले. या स्वयंपाकघरात चार माणसं एकदम हसली त्याला किती वर्षं झाली ते मोजायला मी बसत नाही.

जेवण झाल्यावर शेल्बी म्हणाली, "मुम्मू, आजोबांची बंदूक आहे का अजून?"

आहे. कोटांच्या मागं कपाटात. दर हिवाळ्यात मी नळी पुसते, तेल देते. ती म्हणाली पंधरा नोव्हेंबरला, हरणांच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, आजोबांच्या जागी दलदलीत बसायचं आहे. हरणावर बंदूक धरायला तिला तूच शिकवलंस म्हणे. म्हटलं, बस की.

आता तुला साफ सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. ती बंदूक तुझी आहे. थोरल्या मुलाची असते, तुझ्या वडिलांनाही तशीच मिळाली. जाण्याआधी ते म्हणाले होते, "रॉय मागायला आला तर दे." आला तर, असं म्हणाले. पाठवून दे असं म्हणाले नाहीत. अट एवढीच, आणि ही अट त्यांची नाही, माझी आहे: दारात उभा राहून एक वाक्य बोलायचं. कुठलं ते तुला ठाऊक आहे. अकरा वर्षं झाली, अजून ठाऊक असेल.

निसू भट्टीतून काढायचा आहे.

आई


सोमवार, १३ ऑक्टोबर

रॉय,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मी दोनदा मोजल्या, मागची बाजूपण बघितली. "या वर्षी शेल्बीला वापरू दे, मग विकून टाक. जुनी लोखंडं सांभाळून काय करायचंय?" बरं. आणि खोकं तिच्या नावाचं. तिनं ते माझ्यासमोर फोडलं, लहानपणी नाताळचं फोडायची तसंच, कागद न फाडता. आत गोळ्या. लाल टोकाच्या.

तू त्या पाठवशील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. किंवा आलं असेल.

तर आता आमच्याकडं शिवणाच्या टेबलावर दोन खोकी आहेत. हो, काडतुसं भरायचं यंत्र अजून शिवणाच्या टेबलालाच बोल्टनं बसवलेलं आहे. तुला आठवतंय का, शिकारीच्या कॅम्पवर सगळे म्हणायचे, सुलोच्या हातची काडतुसं, एकासारखी एक? उर्हो तर त्यांच्यापुढं टोपी काढायचा. ती काडतुसं कधीच सुलोनं भरली नाहीत. लाकूडतोडीत त्यांचे दोन्ही अंगठे गेले होते, बारीक काम व्हायचं नाही. भरायची मी. ते शेजारी बसून कॉफी प्यायचे आणि चुकीच्या वेळी बोलायचे. कॅम्पवर कुणी वाहवा केली की माझ्याकडं बघून ताटात तोंड घालायचे. बायकोनं भरलेल्या काडतुसानं हरीण पडतं हे सात गडी माणसांना सांगायची त्यांना लाज नव्हती, मीच नको म्हटलं होतं. मला गंमत वाटायची.

शेल्बीला मी हे सांगितलं तर ती टेबलावर डोकं ठेवून हसली. म्हणाली, "मुम्मू, म्हणजे एवढी वर्षं तूच?" मग म्हणाली, शिकव. शिकवतेय. पितळेची पुंगळी आधी पुसायची, यंत्रातनं काढून मापात आणायची, बुडाची टिकली बदलायची, दारू तोलायची, वर गोळी बसवायची. शिवणासारखंच आहे, घाई केली की उसवावं लागतं. हात चांगला आहे तिचा. दारूचा काटा थांबेपर्यंत श्वास रोखून धरते, तसं मीपण करते. तुझ्या वडिलांच्या अंगात हे नव्हतं, तुझ्याही नाही. ते माझं आहे.

मग तिनं दोन खोक्यांतली एकेक गोळी तळहातावर घेतली. एक सुलोच्या जुन्या खोक्यातली, शिशाच्या नाकाची, बोथट. एक तुझी.

"मुम्मू, वजन सारखंच, दोन्ही दीडशे ग्रेनच्याच आहेत."

"हो."

"जाडीही तीच."

"तीच."

"मग फरक काय?"

"एकीचं नाक करडं, एकीचं लाल."

"ते दिसतंय गं मला."

"मग मला कशाला विचारतेस? माझी शाळा पाचवीपर्यंत."

तिनं दोन्ही तराजूत घातल्या. काटा एकाच जागी थांबला. तो तसाच थांबणार हे मला माहीत होतं, मीही एकदा असंच बघितलं होतं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात लाल टोकाची सरळ जाते, लांब गेली तरी खाली झुकत नाही, आणि बंदुकीत खालीवर होताना नाक चेपत नाही." तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तू खोटं सांगितलंस असं मी म्हणत नाही.

तेव्हाच मी बोलू शकले असते. बोलले नाही. "बघू," म्हटलं, आणि तिला कॉफी ओतली. तुझ्या मुलीसमोर तुझं नाव खाली जायला नको असं मला वाटलं. का वाटावं, ते कळत नाही. तुला माझ्याबद्दल तसं कधी वाटल्याचं दिसलं नाही.

मार्कसनं पायरीची सैल फळी ठोकून दिली. आता ती कुरकुरत नाही, त्यामुळं कोण आलं ते कळत नाही.

आई


रविवार, २६ ऑक्टोबर

रॉय,

पत्राचं उत्तर नाही आलं, पण मी काही उत्तरासाठी लिहीत नाही, सवय झालीय.

ओल्या वर्तमानपत्रांची गंमत सांगते. शेल्बीच म्हणाली की दोन्ही गोळ्या कागदावर झाडून बघू. तिनं ते कुठंतरी वाचलंय, पण आपल्याकडं सगळे करतातच. उर्होच्या कोठारात बारा वर्षांची वर्तमानपत्रं पडून आहेत, त्याला वाटतं कधीतरी लागतील. लागली. साउनाच्या, वाफेच्या न्हाणीतल्या टबात भिजत घातली, फुगून जड झाली, मग दोरीनं गठ्ठे बांधून रेतीच्या खाणीत एकामागं एक ठेवले. हरणाच्या अंगाएवढं ओलं, हरणाच्या अंगाएवढं जाड. उर्हो त्यातलं एक पान वाचत बसला, कुणाचं तरी लग्न लागल्याची बातमी होती, म्हणाला, "यांचा तर घटस्फोटही झाला."

लाल गोळीसाठी दारू मी आधीच कमी केली होती आणि पुन्हा थोडी थोडी चढवत आणली होती. वजन तेवढंच असलं तरी गोळी बदलली की खालून सुरुवात करायची. हे शेल्बीला दोन वेळा म्हणून दाखवायला लावलं.

ती दोनशे पावलं मोजायला निघाली. "बाबा म्हणतात दोनशेवर तपासायचं."

उर्हो म्हणाला, "आपल्या दलदलीत दोनशे पावलांवर तुला देव दिसेल, हरीण नाही दिसणार."

"मग किती?"

"तीस. झाडी विरळ असेल तर पस्तीस."

तीसवरून झाडल्या. आधी सुलोच्या, तीन. तिन्ही एकाच वाटेनं गेल्या, पानं उलटत गेलं की भोक सरळ आत, हात कोपरापर्यंत जाईल एवढं. शेवटच्या गठ्ठ्यात गोळ्या सापडल्या, नाक छत्रीसारखं उघडलेलं, बूड शाबूत. मग तुझ्या, तीन. पहिल्याच गठ्ठ्यावर पावाएवढा खळगा. बाहेरून बघितलं तर वाटावं, काय मारा आहे. मार्कस शिट्टी वाजवून म्हणाला, "हीच घ्या." शेल्बीनं पानं उलटली. वीतभर आत गेल्यावर काही नाही. तांब्याचे चुरमे, शिशाची पूड, एक लाल टोक. बाकी गठ्ठे साफ कोरे.

"उडालीच की ही," ती म्हणाली.

"लांब गेली असती तर वेग उतरला असता," उर्हो म्हणाला. "मग नीट उघडली असती. वाळवंटातली गोळी आहे, चांगली आहे. इथं जवळ खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्या वरच फुटते. हरीण पळतं आणि तिसऱ्या दिवशी मरतं."

मी त्याच्याकडं बघितलं, तो गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडायला लागला. पण शेल्बी माझ्याकडं बघत होती.

घरी आल्यावर ती शिवणाच्या खोलीत बसली आणि माझी वही चाळायला लागली. कुठल्या वर्षी काय भरलं ती वही. भरताना शब्द लिहीत बसण्यापेक्षा मी चित्रं काढते, पुंगळी आणि वर नाक, आणि नाकात पेन्सिलनं करडं भरते. पानामागून पान करडं. मग तिचा हात थांबला.

"मुम्मू, या पानावर नाक लाल आहे."

"पेन्सिल चुकून लागली असेल."

"एवढं गोल चुकून लागतं?"

मी भट्टी बघून येते म्हणून उठले. भट्टीत काही नव्हतं. मागून तिचा आवाज आला, "अकरा वर्षांपूर्वीचं आहे हे. बाबांनी मला सांगितलंय, आजोबांनी तीस पावलांवरचं हरीण घालवलं, कारण त्यांना दिसत नव्हतं. मुम्मू, त्या वर्षी लाल गोळ्या आणल्या कुणी?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, कुणाला आठवतंय."

हे मी तुझ्यासाठी खोटं बोलले. लक्षात ठेव.

आई


रविवार, २ नोव्हेंबर

रॉय,

शेल्बीनं तुला माझ्या स्वयंपाकघरातून फोन केला तेव्हा मी भांडी घासत होते. ऐकू येऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला होता. सगळं ऐकलं.

ती म्हणाली, "बाबा, त्या वर्षीच्या गोळ्या तुम्ही नेल्या होत्या का?" मग तू बराच वेळ बोललास. मग ती म्हणाली, "मी तुमच्यावर आरोप नाही करत, मी विचारतेय." मग तू फोन ठेवलास. ती फोनकडं बघत बसली आणि मार्कसनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. भांडी मी दुसऱ्यांदा घासली.

आता लपवायला काही उरलं नाही, तर सगळंच लिहिते. ऐक.

गोळ्या तू आणल्यास. भेट म्हणून. बापासाठी आणल्यास, प्रेमानं आणल्यास, हे मी कोर्टातसुद्धा सांगेन. तुझ्या वडिलांनी खोकं माझ्याकडं दिलं आणि विचारलं, "लेम्पी, या त्याच आहेत का?" मी तोलल्या. काटा एकाच जागी थांबला. मी म्हटलं, "त्याच आहेत, दोन्ही दीडशे ग्रेनच्याच." हे माझं तोंड बोललं. तराजूला वजन कळतं, गोळीचं कातडं किती जाड आहे ते त्याला कळत नाही, आणि मला ते कळायला हवं होतं. चाळीस वर्षं भरत होते मी. पण मला सगळं कळतं म्हणून मी फुशारले होते. तेव्हा चूक माझी अर्धी, तुझी अर्धी. त्यांची काहीच नाही.

पहिल्या दिवशी तो मोठा नर त्यांच्यासमोर आला, तीस पावलांवर. त्यांनी खांद्यावर मारली. दिसत होतं त्यांना, रॉय. नीट दिसत होतं. हरीण बसलं, उठलं, आणि दलदलीत गेलं. तुम्ही सगळे तीन दिवस शोधत होता. मग बर्फ पडलं.

आणि बर्फ पडलं त्या संध्याकाळी कॅम्पवर, स्ट्यू वाढलेला, सात माणसं टेबलाभोवती, तू म्हणालास, "म्हाताऱ्याचे डोळे गेलेत. पुढल्या वर्षी हातात बंदूक नको, काठी द्या." दोघं हसले. उर्हो हसला नाही, हे त्यानं मला शपथेवर सांगितलंय. तुझ्या वडिलांनी जेवण संपवलं, वाटी धुतली आणि चालत घरी आले. चार मैल. मी दार उघडलं तर म्हणाले, "लेम्पी, मला नीट दिसतं ना?"

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर ते एकटे दलदलीत गेले, कंबरेपर्यंतचे बूट घालून. दोन आठवडे रोज जात होते. सापडलं त्यांना. हाडंच. खांद्याच्या पात्यात तांब्याच्या किरच्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या, आणि एक लाल टोक. गोळी जिथं बसायला हवी तिथंच बसली होती. रुमालात बांधून घरी आणलं, टेबलावर माझ्यापुढं ठेवलं. मी बघितलं आणि मला कळलं. म्हटलं, आत्ता रॉयला फोन लावते. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "नको. पोरगं जन्मभर स्वतःला खात बसेल."

तेव्हा मला राग आला नव्हता, आता येतो. तू स्वतःला खाशील म्हणून तो माणूस पुढची दोन वर्षं नोव्हेंबरात खिडकीशी बसला. पंधरा तारखेला सकाळी शिकारीचा शर्ट घालून, कॉफी घेऊन, दलदलीतून गोळीचा आवाज आला की मोजायचा. उर्हो, म्हणायचा. हा कॅम्पवरचा कोस्की. बोलावलं तर, "माझे डोळे गेलेत ना," म्हणून हसायचा. गावात सगळ्यांनी ते खरंच मानलं. पोस्टातली बाई त्याचा हात धरून पायऱ्या उतरवायची आणि तो उतरू द्यायचा.

फेब्रुवारीत ते गेले तेव्हा तुला येता आलं नाही, विमानं बंद होती, बर्फ होतं, मान्य. पण आपल्याकडं हिवाळ्यात जमीन खणता येत नाही. माती मे महिन्यात दिली. मे महिन्यात बर्फ नव्हतं.

गोळी चुकीची निवडली म्हणून मी तुला काही म्हणत नाही. तशी मीही निवडली. तू न विचारता बोललास, आणि बोललेलं कधी परत घेतलं नाहीस, त्याचं म्हणते आहे. एक वाक्य मागते मी. "बाबांना दिसत होतं." एवढंच. ते या दारात येऊन बोल आणि बंदूक घेऊन जा. पंधरा तारखेपर्यंत वाट बघते, मग नाही.

आई


रविवार, ३० नोव्हेंबर

रॉय,

तुझं पत्र अठराला पोचलं. या वेळी सहा ओळी. शेवटची मी उर्होकडून वाचून घेतली, मला वाटलं माझंच वाचण्यात चुकतंय. "त्या किरच्या पाठव, इथं एक जाणकार आहे, त्याला दाखवतो, मग बोलू."

नाही पाठवत. तुझ्या बापाच्या डोळ्यांचा निकाल तुझा जाणकार देणार असेल तर राहू दे.

बाकीचं सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही आणि इथं आता ऐकायला कोणी नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी कॅम्पवर गेले होते. एक्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा. बायका कधी जात नव्हत्या, कुणी अडवलं नव्हतं, पण जात नव्हत्या. शेल्बी म्हणाली, "काडतूस भरणारी घरी कशी बसेल?" मार्कसनं मला शेवटच्या चढावर जवळजवळ उचललं. कोस्की म्हणाला, "लेम्पी, तू इथं काय करतेस?" शेल्बी म्हणाली, "सुलोची म्हणून तुम्ही जी काडतुसं इतकी वर्षं वाखाणलीत ना, ती हिची."  मग कोस्कीनं उठून मला शेगडीजवळची खुर्ची दिली. फार मजा आली मला, खोटं कशाला सांगू. तुझ्या वडिलांना यात हसता आलं असतं हे आठवलं आणि मजा निम्मी झाली.

काडतुसं कुठली घ्यायची ते मी शेल्बीला सांगितलं नव्हतं. दोन्ही खोकी पुढं ठेवली होती. तिनं तुझं खोकं घेतलं, झाकण लावलं, आणि म्हणाली, "ही मी घरी घेऊन जाईन, तिकडं लांबच्या हरणासाठी चांगली आहेत. बाबांनी दिलीत." आणि खिशात करड्या नाकाच्या पाच घातल्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुझी भेट तिनं फेकली नाही.

नऊच्या सुमाराला एक आवाज आला. एकच. सगळे कप हातात धरून थांबले. दुसरा आला नाही. अठ्ठावीस पावलांवर, लहान नर, दोन टोकी शिंगं. बारा पावलं पळालं आणि पडलं, उर्होनं मोजली, काठीनं. शेल्बी त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसून राहिली होती. उर्हो म्हणाला, "आता का बसलीस? झालं की." ती म्हणाली, "आजोबा इथंच बसायचे ना? इथून सगळं दिसतं. आंधळ्यालासुद्धा दिसेल." मग तिला कळलं आपण काय बोललो, आणि ती रडली. कॅम्पवर आल्यावर तेच तिनं सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, न रडता. अकरा वर्षांपूर्वी काय झालं, गोळ्या कुठल्या, हाडात काय सापडलं. कुणी आणल्या ते मात्र सांगितलं नाही. कोस्कीनं विचारलं तर म्हणाली, "दुकानात त्याच मिळाल्या होत्या." तुझ्या मुलीनं हे तुझ्यासाठी केलं. आम्ही दोघी तुझ्यासाठी सारखंच खोटं बोलतो.

कोस्की त्या रात्री हसलेल्या दोघांतला एक. तो म्हणाला, "मी माती द्यायला गेलो होतो, तेव्हाही माझ्या मनात तेच होतं, बिचारा आंधळा." आणि मग त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याला कुणी बोल म्हटलं नव्हतं.

पुलाचं काम परवा संपलं. ते दोघं शुक्रवारी गेले. बंदूक मी शेल्बीला दिली. ती नको म्हणाली, बाबांची आहे म्हणाली, गाडीत बसली आणि पुन्हा उतरली. मी म्हटलं, "तुझ्या बाबांना मी जे मागितलं ते त्यांना जड गेलं. तुला मी काही मागत नाही." तेव्हा घेतली. थोरल्या मुलाची वस्तू नातीकडं गेली, आपल्या घराण्यात हे पहिल्यांदाच झालं, आणि ते मी केलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. कपाटात कोटांच्या मागं हात घातला की वाटतं, तेवढंच.

मार्कस जाताना म्हणाला, "मुम्मू, पुढल्या वेळी मी ग्रेव्ही स्वतः घेऊन येईन." त्याला म्हटलं, बाहेर बसून खायची.

उन्हाळ्यात येणार आहेत, मध्य उन्हाळ्याच्या सणाला, नदीकाठी शेकोटी पेटवतात तेव्हा. शेल्बीनं विचारलं, "बाबांना कळवू का तारीख?" म्हटलं, मी लिहिते. पुढल्या वर्षाचं कॅलेंडर अजून आलं नाही, म्हणून मी फोनच्या वर भिंतीवरच लिहून ठेवलंय. तुला बोलावत नाही. शनिवार आहे, वीस जून.

आई